गिरणीचा भोंगा थांबतो तेव्हां

वऱ्हाडांत कापूस पिकतो म्हणून तेथें गिरण्या आल्या. अकोल्याच्या सावतराम व मोहता आणि अचलपूरची विदर्भ मिल या तिन्ही १९७४ सालीं राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. तथापि पुढें त्याही बंद पडल्या. अमरावती जिल्ह्यांतील त्याच अचलपुरास नंतर फिनले मिल उभी राहिली. मार्च २०२० च्या टाळेबंदींत तिचीं यंत्रें थांबलीं, तीं टाळेबंदी उठल्यावरही थांबलेलींच राहिलीं. कामगारांचीं नांवें पटावर, पण हाताला काम नाहीं, अशी ही अधांतरी स्थिति.

अशा वेळीं बुडालेल्या वेतनाचा हिशेब सर्वजण करतात. वेतनाबरोबर आणखी काय बुडतें, हें ऑस्ट्रियांतील मारिएन्थाल गांवची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनीं पाहिलें आणि १९३३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. वेळ अमाप, तरी ग्रंथालयांतून पुस्तकें नेणें घटलें. पुरुष रस्त्यानें थांबत थांबत चालूं लागले. दिवसभर काय केलें, हें त्यांना सांगतां येईना. स्त्रियांना मात्र चूल व मुलें यांतून उसंत नव्हतीच.

नोकरी गेल्यावरच प्रकृति बिघडते असेंही नाहीं. इंग्लंडांतील ज्या सरकारी नोकरांचें खातें खाजगी व्हावयाचें होतें, त्यांची प्रकृति तो बदल होण्यापूर्वींच खालावल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या घरांतही, तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या पदवीधराला पुढच्या सत्रांत बोलावणें येईल कीं नाहीं, ही चिंता असतेच. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, लग्नकार्यांत जाणें तो टाळूं लागतो.

एकत्र कुटुंबांत अशा माणसाला जेवणाची ददात पडत नाहीं, हें आपलें मोठें बळ. परंतु त्याच घरांत "कुठें लागलास का?" हा प्रश्न दिवसांतून चारदां विचारला गेला, तर घांस घशाखालीं उतरत नाहीं. आमची कर्त्या मंडळींस विनंती आहे कीं, हा प्रश्न सोडावा व त्याला वेळ ठरवून जबाबदारीचें काम द्यावें: मुलांचा अभ्यास, बाजारहाट, औषधपाणी. त्यानें त्याच्या दिवसाला आकार येईल आणि सुनांचा भारही हलका होईल. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांकडे न्यावें. शासनाच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. यांत घराण्याची अप्रतिष्ठा मुळींच नाहीं.