जमाव आहे, सभा नाही

युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील कलावंतांनी ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या २०१४ सालच्या संगणकीय खेळासाठी क्रांतिकालीन पॅरिस उभारले, त्यात एकट्या नोत्र-दामच्या रचनेवर कॅरोलिन मिउस यांनी सुमारे दोन वर्षे खर्ची घातली, आणि रस्त्यांतून एकाच वेळी हजारोंचा जमाव लोटताना दाखविण्याची किमयाही तेथे साधली आहे. संपादकांच्या सांगण्यावरून मी या नगरात शिरलो तो स्थापत्याकरिता. परंतु चित्त जडले ते नगरभवनाशी, जेथून पॅरिस कम्यून नावाचे अत्यंत जहाल नगरसरकार कारभार पाहत असे.

९ ऑगस्ट १७९२ च्या रात्री धोक्याच्या घंटा घुमू लागल्या, विभागांचे मुखत्यार नगरभवनात जमले, जुनी नगरसभा बाजूस सारली गेली आणि दुसऱ्या दिवशी राजवाडा पडला. पुढील वर्षी २ जूनला विभागांच्या तोफांनी राष्ट्रीय परिषदेला वेढा घालून जिरोंदिन पक्षाचे सभासद तिच्याकडून काढून घेतले. एवढे पाठ्यपुस्तकांतही सापडते.

मला मोह पडला तो या सत्तेखालच्या यंत्राचा, म्हणजे विभागाचा. शहराचे असे ४८ विभाग होते, आणि प्रत्येकाची स्वतःची सर्वसाधारण सभा, देखरेख-समिती आणि शस्त्रधारी नागरिकांचे पथक असे. रहिवाशाला ओळखपत्र किंवा नागरी निष्ठेचा दाखला हवा तर येथेच यावे लागे. येथेच शेजाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदली जाई आणि येथूनच अटकेचा हुकूम सुटे. सप्टेंबर १७९३ मध्ये परिषदेने या सभांच्या संख्येवर मर्यादा घातली, मात्र त्याच वेळी हजर राहणाऱ्या गरिबाला ४० सू भत्ताही ठरविला, कारण मजुरी बुडवून मसलतीला बसणे त्याला परवडणारे नव्हते. लोकसत्तेचे इतके निकटचे, आणि शेजाऱ्याच्या धास्तीने इतके काळवंडलेले, रूप मला अन्यत्र आढळलेले नाही.

खेळातला जमाव घोषणा देतो, निशाणे नाचवितो. सभेला मात्र तो कधी बसत नाही. छपरांवरून धावणे खेळविता येते, परंतु तासन्‌तास चाललेल्या वादातून निघणारा ठराव खेळाडूच्या हाती कसा द्यावा, ही अडचण खरोखरच मोठी आहे. कथाकारांनी ती टाळून क्रांतीची सूत्रे एका गुप्त मंडळाच्या हाती दिली, आणि तेथे अर्थाची हानी झाली. २७ जुलै १७९४ च्या रात्री, खेळाच्या कथेनुसार, नायकाची प्रेयसी एलीज नगरभवनात क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याच्या जबड्यावर पिस्तूल झाडते. वस्तुतः त्या रात्रीचा निकाल चौकात आणि विभागांच्या सभांत लागत होता. रोबेस्पिएरच्या बाजूने परिषदेविरुद्ध उठलेल्या कम्यूनने घंटा वाजविल्या, काही विभागांचे गोलंदाज तोफांसह आलेही. परंतु चारच दिवसांपूर्वी कम्यूननेच जाहीर केलेल्या मजुरीच्या कमाल दरांनी कामकरी चिडलेले होते, त्यांचा बोलका पुढारी एबेर मार्चमध्येच गिलोटिनवर गेला होता, आणि नगरभवनातून स्पष्ट हुकूम काही सुटेना. परिषदेने बंडखोरांना कायद्याबाहेर टाकल्याची वार्ता पसरली, तसतसे ते गोलंदाज आपापल्या विभागात परतले आणि परिषदेच्या बाजूने आलेल्या बारासच्या तुकड्यांना चौक जवळजवळ मोकळा सापडला. एखाद्या रचनाकाराने यांपैकी एका गोलंदाजाला नायक करावे, खिशात विभागाचा ठराव, पोटात भूक आणि समोर दोन परस्परविरोधी फर्माने अशा स्थितीत तोफ राखावी की घरी न्यावी हे खेळाडूला ठरवू द्यावे, अशी माझी फार इच्छा आहे.