हिंदु-तुर्क संवादाची पोथी व संपादकाचें कर्तव्य

सोळाव्या शतकांतील एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादां’त दोघेही परस्परांच्या धर्मावर कठोर टीका करितात व शेवटीं एकमेकांस आलिंगन देतात. देवणी-उदगीर भागांत उभय समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले आहेत. अशा ठिकाणीं ही पोथी छापतांना इस्लामावरील बोचरे चरण गाळावे काय? आमच्या मतें गाळूं नयेत. वादच काढिला तर समेटास अर्थ उरत नाहीं. परंतु तेवढेच चरण वेगळे काढून छापणें हाही पाठाचा विपर्यासच होय. १९२७ सालीं दंडसंहितेंत घातलेलें २९५-अ कलम (सांप्रत न्यायसंहितेचें २९९) बुद्धिपुरस्सर व द्वेषमूलक धर्मावमानास शिक्षा सांगतें. म्हणजे तेथेंही हेतु हीच कसोटी. सबब संपादकानें पाठ संपूर्ण द्यावा, आणि मुसलमानी आचारांवरील टीपा त्या धर्माच्या जाणत्यांस दाखवूनच छापाव्या.