मुक्कामापुरते घर

स्वर्गाच्या दाराशी पोहोचलेल्या युधिष्ठिराने मागोमाग आलेल्या कुत्र्याला सोडून रथात चढण्यास नकार दिला, ही महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील कथा सर्वपरिचित आहे. आश्रयास आलेल्याचा त्याग करणे हे पाप होय, असा त्या कथेचा आशय. विशेष हे की, आपल्या कायद्यानेही हाच विचार, निराळ्या भाषेत का होईना, स्वीकारला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील 11 व्या कलमान्वये, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत पाळीव प्राण्याला सोडून देणे हा अपराध ठरतो. परंतु पहिल्या अपराधाबद्दल सांगितलेला दंड आहे केवळ दहा ते पन्नास रुपये! तेव्हा टाकून दिलेल्या कुत्र्याचे रक्षण दंडाच्या धाकाने होण्यापेक्षा माणसांच्या सौजन्यानेच अधिक होते, हे उघड आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. रस्त्यावर जन्मलेला कुत्रा आणि घरात वाढून रस्त्यावर टाकला गेलेला कुत्रा, हे दोघे सारखे नव्हेत. पहिल्याला आपली गल्ली, आपले सोबती आणि अन्नाच्या जागा ठाऊक असतात. 2023 च्या प्राणी-जनन-नियंत्रण नियमांनीही पाळीव कुत्री व रस्त्यावरील कुत्री यांत फरक केला असून, पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व नसबंदीची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. दुसऱ्याला मात्र रस्त्याचे कोणतेच शिक्षण मिळालेले नसते. गल्लीतील कुत्री त्याला हुसकावून लावतात आणि वाहनांपुढे तो गोंधळून उभा राहतो. त्यातून तो लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन यांसारखा मोठ्या अंगाचा असला, तर भुकेने अर्धमेला झाला तरी लोक त्याला भितात.

भिलाईसारख्या नगरीत हा प्रश्न कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे. 1955 मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना निघाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली आणि देशाच्या सर्व प्रांतांतून, अर्थात महाराष्ट्रातूनही, कुटुंबे येऊन वसली. अंगण असलेल्या क्वार्टरमध्ये मोठा कुत्रा सुखाने वाढतो. परंतु क्वार्टर हे नोकरीपुरते घर. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते आणि पुढचा संसार पुष्कळदा नागपूर-पुण्याच्या एखाद्या सदनिकेत थाटावा लागतो. अशा वेळी चाळीस किलो वजनाच्या सोबत्याचे काय करावयाचे, हा प्रश्न आधी विचारात घेतला नसेल, तर त्याचे उत्तर त्या मुक्या प्राण्यालाच भोगावे लागते.

निराधार कुत्र्यांसाठी निवारे काढण्याची कल्पना जुनी आहे. मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये 1860 साली काढलेला निवारा पुढे बॅटर्सी येथे गेला व जगप्रसिद्ध झाला. तथापि निवाऱ्यालाही मर्यादा असतात. पिंजऱ्यांची रांग, अहोरात्र भुंकणे आणि अपुरी हालचाल यांमुळे शांत कुत्राही चिडखोर किंवा भित्रा होतो. मोठ्या कुत्र्यांना तर घेणारेच थोडे, म्हणून त्यांचा मुक्काम अधिक लांबतो. यावर निघालेला उपाय म्हणजे स्वयंसेवकांनी कुत्र्याला, कायमचे घर मिळेपर्यंत, आपल्या घरी ठेवणे. अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ या संस्थेने अंधांचे मार्गदर्शक होणारे पिल्लू प्रथम कुटुंबात वाढवावे, अशी पद्धत 1942 पासून रूढ केली. घरात राहिल्याने कुत्रा माणसांत राहण्यास शिकतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

तात्पुरत्या पालकाचे काम दयेपेक्षा शिस्तीचे अधिक आहे. कुत्रा आला की प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी, जंतनाशक आणि रेबीजची लस. भिलाईच्या शेजारी दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही तेथील रहिवाशांची मोठीच सोय होय. घरात आधीचा कुत्रा असेल, तर पाहुण्याला सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे. कोणाला चावा अथवा ओरखडा लागलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवून विनाविलंब डॉक्टर गाठावा. ‘घरचाच कुत्रा आहे’ ही समजूत येथे प्राणघातक ठरू शकते.

कुत्र्याचा खरा स्वभाव लगेच उमगत नाही. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घराची रीत ओळखण्याचे, तीन महिने रुळण्याचे, असा एक ठोकताळा जाणकार सांगतात. पहिल्या दिवसांत पाहुण्यांची वर्दळ टाळावी, मुलांना त्याच्या ताटलीपासून दूर ठेवावे आणि फाटक नेहमी बंद असावे. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेला नवा कुत्रा परतण्याची वाट जाणत नाही.

मोठ्या देहाची निगाही निराळी असते. दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये. कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा भयंकर विकार संभवतो. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट त्याला विषासमान आहेत, म्हणून फोडणीची भाजी प्रेमाने वाढणे हे प्रेम नव्हे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांधे दुखावतात; तेथे एखादी सतरंजी अंथरावी. छत्तीसगडच्या मे महिन्यातील ऊन तर मोठ्या, दाट केसांच्या कुत्र्याचा वैरीच. त्याला घाम फारसा येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. फिरणे पहाटे व सूर्यास्तानंतरच असावे. कारखान्याच्या तीन पाळ्यांमुळे अनेक घरांत अवेळी कोणीतरी जागे असते. हा गैरसोयीचा क्रम या कामी उपयोगी पडतो.

खर्च, औषधोपचार आणि मुदत यांविषयी संस्थेशी लेखी ठरवून घ्यावे. घरमालकाची व शेजाऱ्यांची संमती आधी मिळवावी. कुत्रा दिवसभर साखळीने बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. अवाजवी काळ बांधून ठेवणे हाही त्याच कायद्याने अपराध मानला आहे.

सर्वांत कठीण भाग शेवटी येतो, तो म्हणजे निरोप. नवे कुटुंब पाहावयास येते, तेव्हा पालकापाशी एक अमोल वस्तू असते, ती म्हणजे अनुभव. हा कुत्रा मांजरामागे धावतो, एकटा राहिला की दार ओरबाडतो, पण लहान मुलाजवळ शांत बसतो, हे सारे त्यानेच स्पष्ट सांगावयाचे असते. लवकर घर मिळावे म्हणून दोष झाकले, तर काही दिवसांतच कुत्रा परत येतो आणि दुसऱ्यांदा टाकला गेल्याचे दुःख त्याच्या वाट्याला येते. उलट, जिव्हाळ्यापोटी प्रत्येक नव्या कुटुंबात उणे काढीत राहणे हेही योग्य नव्हे. कुत्र्याला आपल्याकडेच ठेवून घेण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि कधी तो योग्यही ठरतो; मात्र त्याबरोबर निवाऱ्यातील पुढच्या कुत्र्यासाठी एक दार बंद होण्याचा संभव असतो, हे विसरता कामा नये.

लेक सासरी पाठविताना आपल्या घरांत डोळे भरून येतात, परंतु कोणी तिची पाठवणी रोखून धरीत नाही. ममता आणि निरोप यांची सांगड घालण्याचा हा संस्कार मराठी मनाला नवा नाही. ज्याला भाकरीचा तुकडा आणि विश्वासाचे चार महिने मिळाले, तो कुत्रा माणसावर पुन्हा विश्वास ठेवण्यास समर्थ होऊन पुढे जातो. तात्पुरत्या घराने द्यावयाचे ते एवढेच, आणि त्या प्राण्याच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.