वेदगंगेच्या कांठचे पांच दिवस
(मुलांच्या उन्हाळी शिबिराची आंखणी)

वार्षिक परीक्षा संपून शाळेला सुटी लागली, म्हणजे पहिले चार दिवस मुलांना स्वर्ग दोन बोटें उरतो. पांचव्या दिवशीं मात्र 'आतां काय करूं ?' हा प्रश्न घरोघर ऐकूं येऊं लागतो. थोरलीं माणसें आपापल्या उद्योगांत गढलेलीं, बाहेर उन्हाची काहिली, आणि मुलें एक तर घरांत कुढत बसलेलीं, नाहीं तर कोणाला न सांगतां नदीकडे किंवा विहिरीकडे गेलेलीं ! अशा वेळीं मुलांसाठीं एखादें लहानसें शिबिर भरवावें, असें पुष्कळांच्या मनांत येतें. परंतु त्यांत करावयाचें काय, याचा विचार बहुधा आदल्या रात्रीं होतो. मग थोडी लिंबू-चमच्याची शर्यत, थोडी कागदाचीं फुलें, थोडीं गाणीं, असा कार्यक्रम जमतो. मुलें हंसतात, दमतात आणि विसरतात. शिबिर लक्षांत राहावें अशी इच्छा असेल, तर त्याला एक सूत्र हवें. तें सूत्र कसें निवडावें व त्यांत खेळ आणि हस्तकाम कसें ओवावें, हें मुरगूडचें उदाहरण घेऊन सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नांवाचें एक बेट आहे. तेथें ऑगस्ट १९०७ मध्यें बेडन-पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. कांहीं मुलें श्रीमंतांच्या शाळांतील होतीं, तर कांहीं कामकरी कुटुंबांतील. त्यांच्या चार टोळ्या करून त्यांना पशुपक्ष्यांचीं नांवें दिलीं होतीं, आणि प्रत्येक दिवसाला एक विषय नेमून दिला होता. एक दिवस निरीक्षणाचा, एक वनविद्येचा, एक दुसऱ्याचा जीव वाचविण्याचा. त्या दिवसाचे खेळही त्याच विषयाचे. बालवीर चळवळीचा उगम या शिबिरांत झाला. आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. महागडीं शैक्षणिक साधनें खेड्यांत कोठून आणावयाचीं ? म्हणून त्यांनीं बिया, पानें, खडे, शिंपले अशा भोंवतालच्या वस्तूंनाच साधनें बनविलें. पहिल्या उदाहरणावरून दिवसाला एक विषय असावा हें आम्ही शिकतों. दुसऱ्यावरून तो विषय हाताशीं असलेल्या वस्तूंतून शिकवितां येतो हें कळतें.

सूत्र निवडतांना तीन कसोट्या लावाव्या. तें मुलांच्या रोजच्या पाहण्यांतलें असावें. त्यावरून हातांनीं कांहीं करतां यावें. आणि शिबिर संपल्यावरही मनांत एखादा प्रश्न उरावा. मुरगूडला या तिन्ही कसोट्यांना उतरणारें सूत्र दाराशींच वाहत आहे. तें म्हणजे वेदगंगा नदी. पश्चिमेस सह्याद्रि ओलांडला कीं कोंकण आणि समुद्र. तरीसुद्धां ही नदी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून भुदरगड तालुक्यांतील डोंगरांतून खालीं येते, गारगोटीवरून मुरगूडकडे वळते, पुढें दूधगंगेला मिळते. दूधगंगा कृष्णेला, आणि कृष्णा दूर पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला. 'जवळचा समुद्र सोडून नदी लांबच्या समुद्राकडे कां जाते ?' हा एकच प्रश्न पांच दिवसांना पुरेसा आहे.

पहिला दिवस डोंगराचा. मुलांनीं अंगणांत मातीचा सह्याद्रि रचावा. त्याचा पश्चिमेचा उतार कड्यासारखा तुटलेला आणि पूर्वेचा लांबट ठेवावा. मग माथ्यापासून थोडें पूर्वेकडे तांब्यानें हळूहळू पाणी ओतावें. पाणी पूर्वेचीच वाट धरतें, आणि सकाळच्या प्रश्नाचें उत्तर मुलें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतात. त्यानंतरचा खेळ 'डोंगर का पाणी'. उंचवटे म्हणजे डोंगर व सपाट जमीन म्हणजे पाणी. ज्याच्यावर राज्य असेल त्यानें दोहोंपैकीं एक मागावें, आणि त्याच्या हद्दींत सांपडेल त्याला पकडावें.

दुसरा दिवस पाण्याचा. तळाला बारीक छिद्र असलेल्या मडक्यांत खालीं खडे, त्यावर जाडी वाळू, मग कोळशाची भुकटी व वर बारीक वाळू असे थर द्यावे, आणि गढूळ पाणी गाळून पाहावें. पाणी निवळतें; परंतु डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू त्यांत राहूं शकतात, म्हणून तें उकळल्यावांचून पिऊं नये, हें त्याच वेळीं सांगावें. खेळ म्हणून प्रत्येक गटाच्या रांगेनें करवंटीनें हातोहात पाणी पुढें न्यावें. शेवटीं किती उरलें तें मापानें मोजावें व झाडाच्या मुळाशीं ओतावें. वाटेंत किती सांडलें हें पाहून मुलांना जें कळतें, तें पाणी जपून वापरण्यावरील व्याख्यानानें कळत नाहीं.

तिसरा दिवस मातीचा. गांवच्या कुंभारदादांना मानानें बोलवावें आणि चाकावर मडकें कसें उठतें तें दाखविण्याची विनंति करावी. मुलांनीं चाळलेली माती भिजवून, मळून, वाट्या, बैल आणि नावा कराव्या. त्या उन्हांत मात्र ठेवूं नयेत. उन्हानें बाहेरची माती झपाट्यानें सुकून आकसते, आंतली ओलीच राहते, आणि वस्तूला तडा जातो. सावलींत सावकाश वाळविलेली वस्तु टिकते.

चौथा दिवस शेताचा व बाजाराचा. जोंधळ्याच्या धाटांची बैलगाडी करणें हें आपल्या आजोबांच्या पिढीचें हस्तकाम. तें आजोबांकडूनच शिकावें. शेजारच्या कापशीची चप्पल प्रसिद्ध आहे, आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. चप्पल शिवणारा कारागीर येऊं शकला, तर मोठ्या मुलांनीं जाड पुठ्ठ्याला भोकें पाडून दोऱ्यानें ती वीण गिरवावी. सायंकाळीं बाजार भरवावा. चिंचोके हें नाणें. मुलेंच दुकानदार, मुलेंच गिऱ्हाइकें. हिशेब चुकला तर पुन्हां करावा.

पांचवा दिवस समुद्राचा. जुन्या धोतराच्या लांब पट्टीवर सर्वांनीं मिळून डोंगरापासून उपसागरापर्यंत नदी रंगवावी. तिच्या कांठीं आपले बैल, गाड्या व मडकीं मांडावीं. मग आई-वडिलांना बोलावून मुलांनींच त्यांना उगमापासून मुखापर्यंत फिरवून आणावें.

आतां आंखणीचे नियम. आठ-आठ मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून करावे. एका गल्लींतलीं किंवा एका जातीचीं मुलें एकत्र बसण्याची खोड शिबिरांत तरी सुटावी. गटांत लहान व थोर दोन्ही असावींत, म्हणजे थोरल्याला सांभाळण्याची आणि धाकट्याला विचारण्याची संवय लागते. धांवण्याचे खेळ सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं व सायंकाळीं असावे. हस्तकाम दुपारीं सावलींत. प्रत्येक वस्तु शिक्षकानें आदल्या आठवड्यांत स्वतः करून पाहावी. स्वतःला जी अर्ध्या तासांत जमते, ती मुलांना एक तास घेणार हें गृहीत धरावें. कातऱ्या मोजून द्याव्या, मोजून घ्याव्या.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे. आपल्या पुष्कळ खेळांत जो दुबळा तो प्रथम बाद होतो. म्हणजे ज्याला खेळण्याची गरज अधिक, तोच सर्वांत कमी खेळतो. कडेला बसून दुसऱ्यांना टाळ्या वाजवितो. हरवलेल्या एका मेंढरासाठीं नव्व्याण्णव सोडून निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक आहे. शिबिराची आंखणी करणारानें ती खेळाच्या मैदानावर आठवावी. उपाय आपल्याच खेळांत आहे. विषामृताच्या खेळांत ज्याला विष लागलें तो जागीं थिजतो; परंतु सवंगडी धांवत येऊन अमृत देतो आणि तो पुन्हां पळूं लागतो. साखळीच्या खेळांत पकडला गेलेला बाहेर जात नाहीं, साखळींत हात गुंफतो. असे खेळ आधीं निवडावे. त्याचप्रमाणें धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवूं नये. त्या भावंडासाठीं मातीचा एक गोळा जास्त मळावा. गुरें राखणाऱ्या मुलाला सकाळीं येतां येत नसेल, तर बाजाराचा खेळ सायंकाळीं ठेवावा.

शेवटचा विषय सुरक्षेचा. नदीचें शिबिर असलें तरी नदींत उतरणें त्यांत नाहीं. पोहतां येणाऱ्या जाणत्या माणसावांचून वेदगंगेच्या पात्रांत, सर पिराजीराव तलावांत किंवा कोणत्याही विहिरींत एकाही मुलानें पाऊल टाकूं नये. कोणी बुडतांना दिसला, तर स्वतः उडी न घेतां मोठ्यानें हांक मारावी व काठी, दोर किंवा धोतर त्याच्याकडे फेंकावें. हा सराव दुसऱ्या दिवशीं कोरड्या जमिनीवर खेळ म्हणून करून घ्यावा. कदाचित् पांच दिवसांतील तोच खेळ एखाद्याचा जीव वांचवील. तसेंच वळवाचे ढग गडगडूं लागले, कीं झाडाखालीं न थांबतां पक्क्या घरांत जावें.

पालकहो, अशा शिबिराला खर्च थोडा लागतो. वेळ आणि माया मात्र भरपूर लागते. आपण एखादी दुपार द्याल, तर आपल्या हातची कला आपल्या मुलांच्या हातीं जाईल. आणि बालमित्रांनो, सुटींत कोणी शिबिर भरविलें नाहीं म्हणून रुसून बसूं नका. चार सवंगडी जमवा, मातीचा डोंगर रचा, तांब्याभर पाणी ओता. मात्र खेळ मांडतांना कुंपणाबाहेर उभें राहून पाहणारें कोणी आहे का, तें आधीं पाहा, आणि त्याला आंत बोलवा.