सीडीवर गाणी असतात, नावं नसतात

ऑडिओ सीडी विंडोजच्या संगणकात घालून फोल्डर उघडला की 'ट्रॅक०१.सीडीए', 'ट्रॅक०२.सीडीए' अशी रांग दिसते. प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइटची. या फाइली मुळात सीडीवर नसतातच. कुठलं गाणं कुठून सुरू होतं आणि किती वेळ चालतं एवढी नोंद घेऊन विंडोज त्या स्वतः तयार करून दाखवते. म्हणूनच त्या पेन ड्राइव्हवर घेऊन सीडी काढली की काहीच वाजत नाही.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली 'रेड बुक' या नावाने ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं, तेव्हा सीडीवरून गाण्यांची नावं वाचून दाखवायची सोयच त्यात नव्हती. तबकडीच्या आतल्या कडेला फक्त एक अनुक्रमणिका असते: गाणी किती, प्रत्येक गाणं कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आणि त्या सेकंदाच्या ७५ भागांपैकी कितव्या भागाला सुरू होतं, आणि सगळं कुठे संपतं. नावं लिहायची सोय 'सीडी-टेक्स्ट'मुळे १९९६ मध्ये आली, पण ती ऐच्छिक होती आणि अनेक कंपन्यांनी ती वापरलीच नाही.

मग संगणक नावं आणतो कुठून? माणूस चालीवरून ओळखावा, तशी तो सीडी तिच्या वेळांवरून ओळखतो. सीडीडीबी या जुन्या पद्धतीचं गणित सोपं आहे. एखादं गाणं ३०५व्या सेकंदाला सुरू होत असेल तर ३, ० आणि ५ यांची बेरीज ८. सगळ्या गाण्यांच्या अशा बेरजा एकत्र करायच्या, २५५ने भागून बाकी घ्यायची, तिला सीडीची एकूण लांबी आणि गाण्यांची संख्या जोडायची. हेक्साडेसिमलमध्ये आठ अंकी ओळख क्रमांक तयार! अर्थात दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच निघू शकतो, आणि तसं पुष्कळदा व्हायचंही. म्हणून सर्व्हरला प्रश्न विचारताना क्रमांकाबरोबर प्रत्येक गाण्याची सुरुवातही पाठवली जाते.

एकदा मिळालेली नावं संगणक जपून ठेवतो. ठेवायची जागा मात्र वेगवेगळी. विंडोज ९५च्या सीडी प्लेअरमध्ये नावं स्वतःच टाइप करावी लागत. ती विंडोजच्या फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर-फाइलीत साठत आणि तीच सीडी पुन्हा घातली की समोर येत. लिनक्सवरचे अनेक प्लेअर घरच्या फोल्डरात सीडीडीबीचा लपलेला कप्पा ठेवतात, आधी तिथे शोधतात आणि मगच इंटरनेटवर जातात.

इंटरनेटवरचा तो साठा लोकांनीच भरला. टी कान यांच्या 'एक्सएमसीडी' या प्लेअरसाठी जगभरातल्या वापरकर्त्यांनी आपापल्या सीडींची नावं टाइप करून पाठवली, तीही फुकट. स्टीव्ह शर्फ यांच्या साथीने त्यातून सीडीडीबी उभं राहिलं. १९९८ मध्ये ते विकलं गेलं, पुढे त्याचं 'ग्रेसनोट' झालं, आणि परवाना नसलेल्या प्लेअरना दार बंद झालं. हे चूकच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी बोटं झिजवली, त्यांना कुणी विचारलंही नाही. पर्याय म्हणून आलेलं 'फ्रीडीबी'ही २०२० मध्ये बंद झालं.

आपल्या गाण्यांची या व्यवस्थेत आणखी आबाळ झाली. सुरुवातीची नोंद रोमन लिपीतच होत असे, देवनागरी तिथे चालतच नव्हती. शिवाय कलाकार आणि अल्बम यांच्यासाठी मिळून एकच ओळ. भावगीताला कवी, संगीतकार आणि गायक असे तिघे लागतात. त्यातल्या एकाचं नाव त्या ओळीत जायचं आणि बाकीचे दोघे गळायचे. सुधीर फडके यांच्यासारखा माणूस एका सीडीवर गायक आणि दुसरीवर फक्त संगीतकार असतो, हा फरक त्या एका ओळीत कुठे मांडणार?

रॉबर्ट के यांनी सुरू केलेल्या 'म्युझिकब्रेन्झ'मध्ये ही अडचण नाही. तिथे देवनागरी चालते, गीतकार आणि संगीतकार यांची स्वतंत्र नोंद होते, आणि मूळ माहिती सार्वजनिक मालकीची असल्यामुळे ती कुणाला विकत घेऊन कुलूपबंद करता येत नाही. घरात नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या, जुन्या भावगीतांच्या सीडी असतील तर 'पिकार्ड' हे त्यांचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, सीडी शोधून पाहा आणि नोंद सापडली नाही तर वेष्टनावरची नावं बघून स्वतः भरा. खातं उघडायला पैसे पडत नाहीत.