पाय दिसावा म्हणून

डिसेंबर जवळ आला की पनवेलमध्ये ड्रेपरी भाड्याने देणाऱ्या दुकानांत आयांची झुंबड उडते. शाळांची स्नेहसंमेलनं तोंडावर आलेली असतात. कोळीनृत्यासाठी गुडघ्यापर्यंतच्या काष्ट्याची लुगडी, लावणीसाठी शिवून तयार केलेल्या नऊवारी आणि त्यांना लागूनच गुलाबी, पांढऱ्या जाळीचे फुगीर झगे. हा झगा ‘परीचा ड्रेस’ म्हणून मागितला जातो. त्याचा पूर्वजही परीचाच होता.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले रंगमंचावर आला. मारी ताल्योनी ही नर्तिका त्यात वनपरी झाली होती. अंगाला घट्ट चोळी आणि पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, पांढऱ्या तलम कापडाचे थरावर थर लावलेला घंटेच्या आकाराचा घागरा. हा वेश युजेन लामी या चित्रकाराच्या नावावर सांगितला जातो. पुढे बॅलेचा टूटू म्हणून जगभर गेलेल्या पोशाखाचं हे पहिलं ठळक रूप. ताल्योनी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून नाचत असे. ते कसब प्रेक्षकांना दिसायचं तर घागरा वर उचलला जाणं भागच होतं. तिच्या आधी शंभर वर्षं, १७३०च्या आसपास, मारी कामार्गो या नर्तिकेने उडी मारून हवेत पाय झरझर आलटून-पालटून दाखवण्यासाठी घागरा घोट्याच्या वर नेला, तेव्हाही कारण हेच होतं. टूटूचा सगळा इतिहास मी असा वाचतो: पायाने नवं काही साधलं की कापड मागे हटलं.

कापडाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या बायका ज्या मलमलीसाठी वेड्या झाल्या होत्या, ती बंगालातून जायची. ताल्योनीच्या काळापर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांनी तिची जागा बळकावली होती. १८०९मध्ये जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि हाताने महिनोन्महिने विणावी लागणारी जाळी वारांवर मिळू लागली. यंत्राच्या जाळीशिवाय पुढचा टूटू संभवलाच नसता.

पण हवा खेळती राहावी असं रचलेलं सुती कापड आग फार लवकर धरतं, आणि त्या काळी रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती जळत. १८४४मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टर ही नर्तिका अशीच भाजून गेली. फ्रान्समध्ये तुरटी वगैरे क्षारांच्या पाण्यातून कपडे काढण्याची सक्ती झाली; पण त्याने कापड ताठ आणि मळकट होई, म्हणून नर्तिका नाखूश असत. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिनेही असे कपडे नाकारले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिच्या घागऱ्याने पेट घेतला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३मध्ये ती गेली. वय जेमतेम वीस. तिच्या त्या वेशाचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपले आहेत. हे वाचल्यापासून दिवाळीत जाळीच्या फ्रॉकमधली लहान मुलगी पणत्यांजवळ घुटमळताना दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. आजची जाळी नायलॉनची असते. ती वितळून कातडीला चिकटते. फुलबाज्या लावताना मुलांना साधे, अंगाबरोबरचे सुती कपडे घाला.

१८८०च्या दशकात इटालियन नर्तिका सेंट पीटर्सबर्गला गेल्या. व्हर्जिनिया झुक्कीने तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घागऱ्याचा हट्ट धरला. १८९५च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. लांब घागऱ्यात त्या गिरक्या दिसल्याही नसत्या. पुढे घागरा इतका आखडला की तो कमरेभोवती आडवा, तबकडीसारखा उभा राहिला. १९५०मध्ये बार्बारा कारिन्स्का या वेशकर्तीने न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी आतली तारेची कडी काढून टाकली आणि जाळीचे थर एकमेकांना सैल टाचले, म्हणजे ओळीत नाचणाऱ्या मुलींचे झगे एकमेकींना धडकेनात. फॅशनवाल्यांनी त्यातून हवं ते उचललं. ख्रिस्तियान दिओरचे १९४९चे ‘व्हीनस’ आणि ‘ज्युनो’ हे गाऊन त्याच घराण्यातले.

आपल्या नृत्यात बॅले आला, पण टूटू आला नाही. ॲना पावलोव्हा ही बॅले नर्तिका १९२०च्या दशकात मुंबईत नाचून गेली. १९२८मध्ये तिला मुंबईत पाहिलं आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल नृत्याकडे वळल्या. पावलोव्हानेच प्रोत्साहन दिलेल्या दुसऱ्या बाई म्हणजे मादाम मेनका. मूळच्या बंगालच्या लीला रॉय. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी. कथक शिकून त्यांनी बॅलेकडून एक गोष्ट घेतली: संवादाविना, समूहाने सांगितलेली सलग कथा. १९३६मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवात त्यांचा संच गौरवला गेला. मग त्यांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ सुरू केलं, पनवेलवरून घाट चढणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. आमच्या भागातली माणसं खंडाळ्याचं नाव काढलं की धबधबे सांगतात. मेनकाबाईंचं नाव निघत नाही, याची मला खंत वाटते.

त्यांनी टूटू घेतला नाही, यात मला नृत्याची नेमकी जाण दिसते. टूटू नर्तिका स्थिर असतानाही उघडाच राहतो. कथकचा घेर चक्कर घेताना फुलतो आणि सम आली की पायांवर उतरतो. त्याच्या काठाला वजन लागतं. शिवाय कथकमध्ये पाय कानांनीही पाहायचा असतो, घुंगरांतून.

आणि इथल्या बाईचा पाय सोडवायला कुणा शिंप्याची गरजच नव्हती. युरोपातल्या नर्तिकेचा झगा दरबारातून आला, म्हणून त्याच्याशी तिला दीडशे वर्षं झगडावं लागलं. पनवेल-उरणच्या आगरी आणि कोळी बायकांचं लुगडं भाताच्या चिखलातून, मिठागरांतून, होडीवरून आलं. काष्टा मारला की दोन्ही पाय मोकळे, आणि त्याच लुगड्यात नाचायचं.

मेनकाबाईंच्या संचात लहानपणीच दाखल झालेली मुंबईची मराठी मुलगी, दमयंती जोशी, पुढे कथकची थोर नर्तिका झाली. १९७०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कथकच्या मंचावर वेश म्हणून साडी आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. साडीत चक्कर घेताना घेराची मदत होत नाही. गिरकी तोलात आहे की नाही, सम नेमक्या ठिकाणी पडली की नाही, ते साडीत लगेच कळतं.