मंद प्रकाश आणि न भरणारी जखम

तांबडा किंवा त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश अगदी कमी तीव्रतेने जखमेवर सोडला, तर कातडी भाजत नाही. पेशींच्या कामाचा वेग मात्र बदलतो. हे ध्यानात आले ते बुडापेस्टला, 1967 मध्ये आणि काहीसे अपघातानेच. लेसरमुळे कर्करोग होतो का, हे एंड्रे मेस्टर केस भादरलेल्या उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही. उलट प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे मेस्टर यांनी माणसांच्या चिघळलेल्या व्रणांवरही तो वापरून पाहिला.

पेशीत नेमके काय घडते, याचा उलगडा 1980 च्या दशकात तीना कारू यांच्या सोव्हिएत रशियातील संशोधनातून होऊ लागला. पेशीतील तंतुकणिकांमध्ये श्वसनसाखळीच्या शेवटी सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर असते. ते तांबडा व अवरक्त प्रकाश शोषते. जखमी, प्राणवायू कमी पडलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि ऊर्जानिर्मिती मंदावते. प्रकाशाने तो सुटतो, प्राणवायूला जागा मिळते आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतो, अशी ही उपपत्ती आहे. सोबत तयार होणारे थोडे क्रियाशील ऑक्सिजन रेणू व कॅल्शियम केंद्रकापर्यंत संदेश नेतात. त्यातून तंतुजनक पेशी वाढतात व कोलॅजेन विणतात, त्वचेच्या पेशी कडेकडून सरकू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. निरोगी पेशीवर परिणाम त्यामानाने कमीच दिसतो. मात्र हे विकर नसलेल्या पेशीही 660 नॅनोमीटरच्या प्रकाशात वाढल्याचे 2019 मध्ये आढळले, त्यामुळे सगळे श्रेय त्या एका विकराला देता येत नाही.

मात्रेचे गणित याहून अवघड. दर चौरस सेंटिमीटरला काही ज्यूल ऊर्जा पेशींना चालना देते; तीच बरीच वाढवली की पेशी मंदावतात. जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे तरंगलांबी आणि मात्रा दर ठिकाणी वेगळी असणे हे मोठे कारण आहे.

प्रत्यक्ष रुग्णांकडे वळायचे, तर विदर्भातील यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत महिनोन्‌महिने न भरणाऱ्या पायाच्या जखमेमागे दोन आजार विशेष लक्षात घ्यावे लागतात: मधुमेह आणि कुष्ठरोग. दोन्हींत पाय बधिर होतो आणि टोचलेले कळत नाही. कुष्ठरुग्णांच्या सेवेची परंपरा या भागात जुनी आहे: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले, तर वणीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. मधुमेह आणि कुष्ठरोग या दोन्हींतल्या व्रणांवर प्रकाशाची परीक्षा झाली आणि निकाल वेगवेगळे लागले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील मधुमेही पायाच्या 68 रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 दिवसांत लेसर मिळालेल्यांच्या जखमेचे क्षेत्र सरासरी 40 टक्क्यांनी घटले, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांचे सुमारे 12 टक्क्यांनी. आकडा लक्षवेधी खरा. पण 15 दिवसांत जखम आकसणे म्हणजे ती पूर्ण भरणे नव्हे. कुष्ठरोगाच्या व्रणांवरील ब्राझीलच्या 2010 च्या चाचणीत तर नेहमीच्या मलमपट्टीहून जास्त फायदा दिसला नाही. बधिर तळव्यावर पावलागणिक भार पडत असतो. पेशी कितीही तरतरीत झाल्या तरी त्या भाराखाली नवी ऊती पुन्हा चिरडते. एमसीआर (मऊ रबराची) चप्पल आणि विश्रांती यांना म्हणूनच प्रकाश हा पर्याय ठरत नाही.

प्रकाशाच्या बाजूचा भक्कम पुरावा जमला तो पायाच्या नव्हे, तोंडाच्या जखमांबाबत. डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंडाचे अस्तर सोलवटते आणि गिळणे अशक्य होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाण्याची सवय रुजलेल्या विदर्भाला तोंडाचा कर्करोग अनोळखी नाही. किरणोपचार घेणाऱ्या अशा रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार सुचवला, तोही व्रण होऊ नयेत म्हणून, ठरलेल्या तरंगलांबीने व मात्रेने. कर्करोगाच्या गाठीवर होऊ शकणाऱ्या परिणामाची कल्पना रुग्णाला आधी द्यावी, असेही त्यात म्हटले आहे.